मागच्या सीटवरचा हात

मास्तर मारायचे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. आमच्या ग्लायडरला इंजिन नव्हतं आणि डोक्यावर छतही नव्हतं. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा, आणि दोघांच्या कानांत नुसता वारा. मागच्याने कितीही ओरडून सांगितलं तरी पुढच्याला ऐकू यायचं नाही. म्हणून मास्तरांनी हाताची भाषा काढली होती. डाव्या खांद्यावर बुक्की म्हणजे डावीकडे वळ. उजव्या खांद्यावर बुक्की म्हणजे उजवीकडे. टाळक्यात टपली म्हणजे तार सोड. आणि मानेवर रट्टा म्हणजे नाक खाली घाल, वेग जातोय. हा रट्टा सगळ्यांत जोरदार असायचा. नाक वर राहिलं की माणूस मरतो, असं मास्तर म्हणायचे.

शहराबाहेरच्या माळावर आमचा क्लब होता. माळाच्या एका टोकाला ग्लायडर, दुसऱ्या टोकाला जुन्या ट्रकच्या इंजिनावर चालणारं विंच, आणि मधे लांबलचक पोलादी तार. विंच तार गुंडाळायला लागलं की ग्लायडर पतंगासारखं वर चढायचं. पुरेसं वर गेलं की पुढ्यातली पिवळी मूठ ओढून तार सोडायची आणि घारी फिरतात तिथे घारींबरोबर फिरायचं. तशीच मूठ आणि नाक वर-खाली करणारा दांडा मागच्या सीटलाही होता, आणि दोन्ही दांडे एकत्रच हलायचे. पण तार कधीकधी चढतानाच तुटायची. तुटली की ग्लायडर नाक वर करून अधांतरी राहतं आणि वेग बघता बघता संपतो. तेव्हा एकच काम असतं, हातातला दांडा पुढे ढकलायचा आणि नाक खाली घालायचं. विचार करत बसलं तर उचलायला चार माणसं लागतात.

मी सातपूरला एका कारखान्यात टर्नर होतो. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं, मी पंचविशीत होतो आणि माझं डोकं कायम तापलेलं असायचं. कँटीनमध्ये एकाने आमच्या जातीवरून काहीतरी पुटपुटलं म्हणून मी त्याच्या तोंडावर उसळीचं ताट फेकून मारलं होतं. त्याचा दात पडला आणि माझा पगार कापला गेला. एका रविवारी बसमधून आकाशात ते पांढरं यंत्र दिसलं आणि मी मधल्याच थांब्यावर उतरून माळ तुडवत तिथे गेलो. मास्तर खुर्चीवर बसले होते. सैन्यातून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, मनगटं माझ्यासारख्या लेथवाल्यापेक्षा जाड. त्यांनी नाव विचारलं. आडनाव मी मुद्दाम मोठ्याने सांगायचो, समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते बघायला. मास्तरांचा चेहरा काही बदलला नाही.

"वजन किती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. "बस पुढे," ते म्हणाले, आणि पंधरा मिनिटांत मी आयुष्यातला पहिला रट्टा आकाशात खाल्ला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली उतरल्यावर त्याच हाताने त्यांनी माझी मान चोळली आणि म्हणाले, "लेका, तू उडशील."

आता हे कोणाला वेडेपणाचं वाटेल, पण मी त्या हाताच्या प्रेमात पडलो. दिंडोरीकडच्या आमच्या गावातल्या शाळेत गुरुजी बाकीच्या पोरांना हाताने मारायचे. कान पिळायचे, पाठीत धपाटा घालायचे. आमच्यावर मात्र छडी लांबून फेकायचे. लागली की आम्हीच ती उचलून दाराशी ठेवायची. गुरुजींचा हात आमच्या अंगाला लागला तर त्यांना घरी जाऊन अंघोळ करावी लागली असती. त्या गुरुजींचा राग माझ्या हाडांत मुरला होता. आणि इथे हा पांढऱ्या मिशांचा माणूस सरळ माझ्या उघड्या मानेवर हात टाकत होता, माझ्या घामासकट. तो मार मला मानासारखा वाटायचा.

आईला हे काही पटायचं नाही. रविवारी संध्याकाळी ती माझ्या मानेला हळद-तेल लावायची आणि बडबडायची, "ह्यो मानूस तुला मारतो आन् तू हासतो व्हय रं? तुझ्या बापानं नाय कधी मारलं येवढं."

"आये, तू वर येऊन बघ एकदा," मी म्हणायचो.

"मी नाय येत मार खायला," ती म्हणायची आणि मुद्दाम जोरात चोळायची.

क्लबमध्ये माझी सगळ्यांत जास्त गट्टी जमली ती बँकेतल्या एका कारकुनाशी. माझ्याच वयाचा, किडकिडीत, जाड भिंगाचा चष्मा, आवाज मांजरीएवढा. त्याला माझ्या दुप्पट मार पडायचा. उतरल्यावर आम्ही चहाच्या टपरीमागे शर्टाची बटणं काढून एकमेकांना खांद्यांवरचे काळे-निळे डाग दाखवायचो आणि कोणाचा जास्त मोठा यावर भांडायचो. ज्या रविवारी मास्तरांनी मारलं नाही तो रविवार आम्हाला फुकट गेल्यासारखा वाटायचा. आम्हा दोघांचं एकट्याने उडणं जवळ आलं होतं. आधी कोण जाणार यावर पैज लागली होती आणि हरणाऱ्याने मिसळ खिलवायची होती.

त्या रविवारी पाळी कारकुनाची होती. पंखाचं टोक धरून पळायचं काम माझ्याकडे होतं. मी पळालो, टोक सोडलं आणि ते दोघं वर चढले. अजून फार उंच गेले नव्हते तोच तारेचा आवाज झाला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगावा लागत नाही, बाकीच्यांना सांगून कळत नाही. तुटलेली तार चाबकासारखी माळावर आपटत गेली. मी वर बघत होतो. नाक खाली यायला हवं होतं. ते आणखी वर गेलं. मागच्या सीटवरून मास्तरांचा उजवा हात वर उठलेला मला स्वच्छ दिसला. मग ग्लायडर क्षणभर थांबलं, एक पंख कलला आणि ते खाली आलं.

मी पोचलो तेव्हा लाकडाच्या फळ्या आणि कापड यांचा ढीग झाला होता आणि त्यातून कारकून ओरडत होता. त्याचे दोन्ही पाय नको त्या बाजूला वळले होते. मास्तर ओरडत नव्हते. मी त्यांना बाहेर ओढलं तेव्हा त्यांचं डोकं माझ्या दंडावर पडलं आणि माझा शर्ट पोटापर्यंत भिजला. तो हात, तोच हात, माझ्या मांडीवर सैल पडला होता. मी तो उचलून माझ्या मानेवर ठेवला. का ठेवला ते मला आजही सांगता येणार नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी इस्पितळात गेलो. कारकुनाचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये टांगलेले होते. मी विचारपूस केली नाही. त्याच्या शर्टाची कॉलर धरून त्याला उशीवरून उचललं. "नाक वर का घेतलंस?" मी ओरडत होतो. "काय केलंस तू? मारलंस तू त्यांना!"

"मला आठवत नाही रे," तो रडत म्हणाला. "आई शप्पथ, आठवत नाही."

मी त्याच्या तोंडात मारली. चष्मा उडून कोपऱ्यात गेला. वॉर्डबॉयने आणि शेजारच्या पेशंटच्या भावाने मिळून मला जिन्यापर्यंत फरफटत नेलं. मी पुन्हा त्याला भेटायला गेलो नाही.

क्लबात मास्तरांची खुर्ची तशीच राहिली. तिला दर रविवारी हार घातला जायचा. त्या वर उठलेल्या हाताची गोष्ट मीच सगळ्यांना सांगितली होती. मास्तर जाताजाता हात करून गेले, असं मी म्हणालो होतो, आणि मला ते खरंच वाटत होतं. मग सगळेच तसं म्हणायला लागले. नवीन आलेल्यांना ती गोष्ट आधी सांगितली जायची आणि नंतर पिवळी मूठ दाखवली जायची.

दुसरं ग्लायडर मिळायला बराच काळ गेला. शिकवणारा मिळायला त्याहून जास्त. पहिला आला तो पुण्याहून, तरणाबांड, गॉगल लावणारा. तो हवेत स्वतःच उडवायचा आणि खाली येऊन आमच्या चुका सांगायचा. एकदा त्याने सगळ्यांसमोर मला म्हटलं, "तुमच्यासारख्यांना हे झेपणार नाही." तुमच्यासारखे म्हणजे कोणासारखे, हे विचारायच्या आत माझी मूठ त्याच्या गॉगलवर बसली होती. त्याने माझ्या पोटात लाथ घातली. आम्ही धुळीत लोळत असताना लोकांनी सोडवलं. त्याच्या भुवईला टाके पडले, तो परत आला नाही, आणि मला क्लबातून काढायचं की नाही यावर बैठक झाली. मास्तरांचा लाडका म्हणून मी वाचलो. दुसरा आला तो म्हातारा आणि सज्जन होता, पण त्याला पाठदुखी होती आणि तो उन्हाळ्यापुरताही टिकला नाही.

मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मॅडम आल्या. नवऱ्याची बदली नाशिकला झाली म्हणून आलेल्या, चाळिशीच्या, अंगाने बारीक, सुती साडी बदलून पँट घालणाऱ्या. त्या मारत नव्हत्या आणि ओरडतही नव्हत्या. उडण्याआधी जमिनीवर सगळं नीट समजावून सांगायच्या, पुन्हा पुन्हा विचारायच्या, आणि वर गेल्यावर मागच्या सीटवर गप्प. मला वाटायचं मागे कोणी बसलंच नाही. मान उघडी उघडी वाटायची. मी प्रत्येक वळणावर खांद्यावरच्या बुक्कीची वाट बघायचो, आणि ती न आल्यामुळे वळण चुकायचं. एक दिवस उतरल्यावर मी त्यांना स्पष्टच सांगितलं.

"मॅडम, तुम्ही मला मारत जा."

"काय?"

"चुकलं की मारा. मला त्याशिवाय येत नाही. मास्तर मारायचे."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मी काय तुमची सासू आहे?" त्या म्हणाल्या. बाकीचे हसले. मला इतका राग आला की मी त्या दिवशी चहा न पिताच निघालो. बाईमाणसाच्या हातात मनगटच नाही, मारणार कुठून, असं मी बसच्या थांब्यापर्यंत स्वतःशी बडबडत गेलो.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला न सांगता मागची पिवळी मूठ ओढली. आम्ही चढत होतो, उंची फारशी नव्हती, आणि तार एकदम सुटली. पुढचं सगळं एका श्वासाइतकं होतं. दांड्याला मागून जबरदस्त हिसका बसला, माझा अंगठा पिरगळला, नाक धाडकन खाली गेलं, माळ अंगावर आला आणि आम्ही इतक्या जोरात आदळलो की ग्लायडर जिच्यावर टेकतं ती पोटाखालची पट्टी मोडून सीटखाली घुसली. धूळ बसल्यावर मी मागे वळलो. मॅडमच्या तोंडातून रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं. जीभ दाताखाली आली होती.

"तुम्ही वेड्या आहात का?" मी ओरडलो. "मारलं असतं दोघांना!"

त्यांनी रक्त थुंकलं. "तार सुटल्यावर तुम्ही काय केलं?"

"नाक खाली घातलं."

"नाक मी खाली घातलं. तुमचा अंगठा उगाच नाही सुजला. तुम्ही दांडा छातीशी ओढून धरला होता." त्यांचे शब्द जिभेमुळे बोबडे येत होते. "खाली उतरू नका. बसा तसेच."

त्या उतरल्या आणि माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हात दांड्यावर ठेवा आणि समोर बघा. मी समोर बघत राहिलो. काही झालं नाही. मग एकदम त्यांनी माझ्या मानेमागे फाडकन टाळी वाजवली. माझे खांदे कानांपर्यंत गेले, कोपर आत आले आणि दांडा माझ्या छातीला येऊन लागला.

"बघितलंत?"

मी म्हणालो, पुन्हा करा. त्यांनी पुन्हा केलं. मी दात आवळून ठरवलं होतं की हलायचं नाही, तरी दांडा छातीशी आला. तिसऱ्यांदाही आला. माराची चाहूल लागली की माणूस अंग चोरतो. आणि अंग चोरलं की हात छातीशी येतात, हातात जे असेल ते घेऊन.

तिथे बसल्या बसल्या मला तो रविवार पुन्हा दिसला. तार तुटली. मास्तरांचा उजवा हात वर उठला. तो निरोपाचा हात नव्हता. तो रट्टा होता. नाक खाली घाल, असं सांगणारा, सगळ्यांत जोरदार. कारकुनाच्या मानेवर तो बसला, किंवा बसायच्या आधीच कारकुनाने अंग चोरलं, आणि दांडा छातीशी आला आणि नाक वर गेलं. आणि ज्या हाताने मास्तरांनी मागचा दांडा पुढे रेटायला हवा होता तो हात मारायला उठलेला होता. कारकुनाच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. आत्ताच केलं होतं.

मी ग्लायडरमधून उतरलो आणि शेडमध्ये गेलो. खुर्चीवर ताजा हार होता. कोपऱ्यातला घण घेतला आणि खुर्चीवर घातला. पाठ मोडली, मग हात मोडले, मग पाय. मी रडत होतो आणि शिव्या देत होतो. त्या शिव्या मास्तरांना होत्या, गुरुजींना होत्या, मला होत्या, मला नेमकं माहीत नव्हतं. धावत आलेल्या लोकांना एवढंच दिसलं की हा माणूस मास्तरांची खुर्ची फोडतोय. त्यांनी मला खाली पाडून तुडवलं. एकाने बुटाची टाच माझ्या कानावर मारली. मी एकावरही हात उचलला नाही आणि का फोडली तेही सांगितलं नाही. मॅडमनी मधे पडून सोडवलं. रक्ताळलेल्या तोंडाची ती बाई बघून सगळे मागे सरले. त्यांना वाटलं, तिलाही मीच मारलं.

मास्तरांवर इतकं प्रेम केलं होतं की त्यांचा राग करणं मला जमेना. राग आला की लगेच मान चोळणारा हात आठवायचा. महिनाभर मी माळाकडे फिरकलो नाही. मग एका रविवारी आईनेच हाकललं. "जा बाबा. घरात नुसता धुमसतो. ती बाई तरी मारीत नाय ना?"

"नाही मारत."

"मंग शिक तिच्याकडं," आई म्हणाली.

मॅडमनी मला बसवलं ते जमिनीवरच. ग्लायडरमध्ये मी दांडा धरून बसायचो आणि माझ्या मागे क्लबातले लोक पाळीपाळीने रॉकेलचा रिकामा डबा बडवायचे. कधी लगेच, कधी खूप वेळ थांबवून. आवाज झाला की दांडा पुढे ढकलायचा. खुर्चीच्या रागाने ते लोक असा काही डबा बडवायचे की माझे कान बधिर व्हायचे. सुरुवातीला दर वेळी दांडा छातीशी. नंतर अर्ध्यावर. मग एक दिवस हात आपोआप पुढे गेला आणि मॅडम फक्त "हं" म्हणाल्या. शाबासकी त्यांच्या तोंडून एवढीच निघायची. कारखान्यातही मागून कोणी हाक मारली की माझा हात पुढे जायला लागला. एकदा त्यात चहाचा ग्लास गेला.

पावसाळा संपल्यावर त्यांनी मला एकट्याला पाठवलं. मागच्या सीटवर वजनासाठी वाळूची पोती बांधली. मॅडम पंखापाशी उभ्या होत्या. विंच ओढायला लागलं, माळ खाली गेला, आणि उंची जेमतेम झाडाच्या शेंड्यांवर गेली तोच तो आवाज झाला. या वेळी तार कोणी सोडली नव्हती. ती खरीच तुटली होती.

माझे खांदे वर गेले. खोटं कशाला सांगू, गेले. मानेने मास्तरांचा हात मागितला. पण हात पुढे गेला होता. नाक खाली आलं, कानांत वारा पुन्हा भरला, आणि मी समोरच्या मोकळ्या माळावर उतरलो, नाचणीच्या भाकरीवर हात टेकावा इतकं अलगद. थांबल्यावर मी मागे वळून पोत्यांकडे बघितलं आणि मोठमोठ्याने हसलो.

त्याच संध्याकाळी मी कारकुनाच्या घरी गेलो. मधे किती वर्षं गेली होती, आम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. तो पुन्हा बँकेत जात होता, पण काठी घेऊन. त्याच्या बायकोने दार उघडलं. तिने मला ओळखलं नाही, म्हणून आत घेतलं. तो खाटेवर बसला होता. मला बघून त्याने चष्मा काढून उशीखाली ठेवला.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तार, हात, रट्टा, छातीशी येणारा दांडा. "तुझी चूक नव्हती," मी म्हणालो. "कोणीही असता तरी हेच झालं असतं. मी असतो तरी. ऐकतोयस ना?"

तो खाली बघत ऐकत होता. "मास्तरांचं काही चुकलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "मीच मारलं त्यांना. तूच म्हणाला होतास."

मी पुढे झालो आणि त्याच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला.

त्याचे खांदे कानांपर्यंत गेले. डोळे घट्ट मिटले. दोन्ही मुठी एकावर एक धरून त्याने छातीशी ओढल्या आणि तसाच बसून राहिला.

मी हात खाली घेतला. त्याची बायको चहा घेऊन दारात उभी होती.